दहा बाय बारा, आठ बाय सोळा

आमच्या घरामागच्या गल्लीत दिव्याच्या खांबावर मागच्या वर्षी एक पिवळा कागद लागला. पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलेला, खांबाला पट्टीने आवळलेला. आम्ही लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या अलीकडे राहतो. असले कागद इथे खांबांवर नेहमीच असतात आणि हरवलेल्या मांजरीचा नसेल तर कुणी वाचत नाही. हा मात्र दोन दिवसांत सगळ्या गल्लीने वाचला. गल्लीच्या टोकाची २४ लॉक-अप गॅरेजेस पाडायची, तिथे तीन मजल्यांची इमारत उभी करायची, तीत ११ ‘परवडणारे’ फ्लॅट. हरकती-सूचना २१ दिवसांत कळवाव्यात. अर्ज काउन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, जमीन काउन्सिलची आणि अर्जावर निर्णय देणार तीही काउन्सिलच. हे वाचून आपल्याकडे कुणालाही जे वाटले असते तेच इथल्या गोऱ्या, पंजाबी आणि सोमाली शेजाऱ्यांनाही वाटले: म्हणजे सगळे आधीच ठरलेले आहे.

त्या २४ गॅरेजांपैकी एक माझ्याकडे आहे. भाड्याने, आठवड्याला १७ पौंड. तेव्हा या प्रकरणात मी नुकसान होणाऱ्यांच्या पक्षातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. शेजारच्या आजोबांनी हरकतीच्या अर्जावर सही मागितली तेव्हा मी दारातच, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, सही ठोकली. अर्जात काय लिहिले आहे ते वाचलेही नाही. आज मात्र ते फ्लॅट व्हायला हवेत असे माझे ठाम मत आहे. कसे व्हावेत याबद्दल काउन्सिलशी माझे भांडण आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी गॅरेज कसे असते ते सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रात गॅरेज म्हटले की ग्रीसने माखलेला मेकॅनिक डोळ्यांसमोर येतो. हे तसे नव्हे. काँक्रीटच्या अंगणाभोवती विटांच्या खोल्यांची रांग, प्रत्येकीला वर उचलून आत सरकणारे एक पत्र्याचे दार. आतून आठ फूट रुंद, सोळा फूट खोल. खिडकी नाही, दिवा नाही, पाणी नाही. वर सिमेंटचा पत्रा, म्हणजे ॲस्बेस्टॉस. या देशात १९९९ मध्ये त्यावर पूर्ण बंदी आली. जुना पत्रा जिथे आहे तिथे पडून आहे. तो कुणी फोडू नये एवढीच अपेक्षा. पाडायचा झाला तर अंगभर पांढरे कपडे आणि तोंडाला मुखवटा घातलेली माणसे येतात. आपल्याकडे त्याच पत्र्याखाली लोकांचे संसार होतात, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ही गॅरेजे दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः पन्नास-साठच्या दशकांत, काउन्सिलच्या वसाहतींबरोबर बांधली गेली. तेव्हाच्या गाड्या तशाच होत्या. १९५९ मध्ये आलेली पहिली मिनी तीन मीटरच्या थोडी वर लांब आणि १.४१ मीटर रुंद होती. आठ फुटांच्या खोलीत ती निवांत बसे, वर बाजूला सायकल मावे. आज आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त दिसते ती निसान कश्काई, आरसे मिटले तरी १.८ मीटरच्या वर. गॅरेजचे दार सात फुटांचे, म्हणजे २.१३ मीटर. गाडी आत जाते हो, पण मग चालकाने बाहेर कसे पडायचे? समोरच्या घरातल्या एका पोरग्याने पैज लावून गाडी आत घातली आणि डिकीतून बाहेर आला. त्याचा व्हिडिओ सगळ्या गल्लीत फिरला.

काउन्सिलच्या अहवालात लिहिले होते की २४ पैकी ९ गॅरेजे रिकामी आहेत, १५ भाड्याने दिलेली आहेत, आणि त्यांतल्या जेमतेम चारांमध्ये गाडी असते. मला आधी ते खोटे वाटले. मग आठवले, माझ्या गॅरेजमध्ये तरी काय आहे? थर्माकोलचे मखर, तेही २०११ सालचे. गणपतीला लोक जमतात म्हणून घेतलेल्या बारा घडीच्या खुर्च्या. मुलीचा पाळणा. भारतातून येताना बत्तीस किलो भरून आणलेल्या आणि नंतर चाक तुटलेल्या तीन बॅगा. जार फुटलेला मिक्सर, कारण पुण्यात कुणीतरी जार मिळतो म्हणाले होते. माझी गाडी गेली अकरा वर्षे रस्त्यावर उभी आहे. म्हणजे आठवड्याला १७ पौंड देऊन मी एक माळा भाड्याने घेतला होता, आणि सही मात्र ‘पार्किंग वाचवा’ या मागणीखाली केली होती.

बाबा इथे आले होते तेव्हाची गोष्ट. खुर्च्या काढायला म्हणून त्यांना गॅरेजवर नेले. दार वर गेले तसे ते आत शिरले आणि पावलांनी खोली मोजू लागले. टाचेला अंगठा लावत, पुटपुटत. गिरगावातल्या आमच्या चाळीत खोली दहा बाय बारा. तीत आजी-आजोबा, बाबा, त्यांची चार भावंडे. शिवाय गावाहून परीक्षेला किंवा दवाखान्यात येणारे पाहुणे. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. मोजून झाल्यावर बाबा म्हणाले, “आपल्या खोलीपेक्षा वीतभर मोठीच आहे की रे.” आठ सोळे एकशे अठ्ठावीस, दहा बारे एकशे वीस. हिशेब बरोबर होता. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, त्याआधी तीन-तीन पिढ्या त्या १६० फुटांत गेल्या. बाबांनी दार खाली ओढताना आणखी काही म्हटले नाही. मीही विषय वाढवला नाही. पण त्या दिवसापासून त्या जागेला नुसती अडगळ म्हणणे मला जमेनासे झाले.

आता कुणी म्हणेल, जमीन हवी तर दुसरीकडे शोधा, आमच्याच गल्लीत का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर १९८० मध्ये सापडते. त्या वर्षी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ‘राइट टू बाय’चा कायदा आणला: काउन्सिलच्या घरात भाड्याने राहणाऱ्याला ते घर मोठ्या सवलतीत विकत घेण्याचा हक्क. तेव्हापासून इंग्लंडमध्ये जवळपास वीस लाख घरे अशी विकली गेली. गल्लीतली आमची बाजू मूळची सगळी काउन्सिलची. आज त्यातली निम्म्याहून अधिक घरे खासगी आहेत. माझेही तसेच. पहिल्या मालकाने सवलतीत घेतले, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून मी, बाजारभावाने. घर विकत घेण्याचा आनंद मी कुणाला नाकारणार नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे बांधली गेली नाहीत. काउन्सिलच्या घरांसाठी ठरवून दिलेली किमान क्षेत्रफळाची मापे, ज्यांना पार्कर मॉरिस मापे म्हणत, तीही त्याच वर्षी रद्द झाली. घरे गेली, मापे गेली, शहराबाहेर ग्रीन बेल्ट म्हणून राखून ठेवलेल्या जमिनीला हात लावायचा नाही. मग काउन्सिलच्या ताब्यात उरले काय? कोपरे. वसाहतींमधली गाड्यांची आवारे, बंद पडलेले धुलाईघर, आणि गॅरेजांच्या रांगा. म्हणून हा वाद एकट्या आमच्या गल्लीचा नाही. सगळ्या देशात गल्लोगल्ली तो चाललेला आहे.

उलट बाजूला मागणी केवढी? इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या घरासाठी नाव लावून बसलेली कुटुंबे १३ लाखांच्या वर आहेत. सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे ‘तात्पुरत्या निवासात’ आहेत, म्हणजे कुठे हॉटेलच्या खोलीत, कुठे घरमालकाकडून रोजच्या भाड्याने घेतलेल्या जागेत. यावर इंग्लंडच्या काउन्सिलांनी २०२३-२४ या एका वर्षात सुमारे २.३ अब्ज पौंड खर्च केले. आमच्या १५ गॅरेजांचे वर्षाचे भाडे मी मोजले: १३ हजार पौंडांच्या आसपास. एका कुटुंबाला हॉटेलच्या खोलीत ठेवण्याचा खर्च रात्रीला ६० पौंड धरला तरी वर्षाला २१,९०० होतो. माझ्या मखरासाठी आणि शेजाऱ्याच्या जुन्या गवत कापायच्या यंत्रासाठी काउन्सिल काय मोजते आहे, ते या दोन आकड्यांत आले.

माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी होती. हमरस्त्यालगतच्या एका हॉटेलात आई आणि धाकट्या भावाबरोबर एका खोलीत राहायची. स्वयंपाकघर नाही, मायक्रोवेव्ह आणि केटलवर सगळे. ती आमच्याकडे अभ्यासाला आली की जेवणाच्या टेबलावरून उठायचीच नाही. मला वाटे अभ्यासू आहे. मुलीने नंतर सांगितले, “बाबा, तिच्याकडे टेबल नाहीये.” सहा महिन्यांसाठी म्हणून तिथे ठेवलेले हे कुटुंब दोन वर्षे तिथेच होते. मग एका शुक्रवारी त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवले आणि तिची ही शाळा सुटली. आमच्या गल्लीतला पिवळा कागद तिच्या आईला दिसण्याचे काही कारणच नव्हते. नियम असा की आजूबाजूला राहणाऱ्यांना कळवायचे, आणि ती आजूबाजूला राहत नव्हती. राहायला मिळावे म्हणूनच तर सगळा खटाटोप.

प्लॅनिंग कमिटीची बैठक संध्याकाळी सात वाजता होती. नगरसेवक अर्धगोलात बसलेले, मध्ये अधिकारी, मागे आम्ही. हरकत घेणाऱ्याला तीन मिनिटे. टेबलावर हिरवा, पिवळा, लाल दिवा. आमच्या बाजूने सहा जण बोलले आणि सहाही जण पार्किंगवर बोलले. मला याचे नवल वाटले, कारण गल्लीत उभे राहून बोलताना लोक पार्किंगबद्दल फारसे बोलत नव्हते. तिथे विषय वेगळे होते: घराची किंमत उतरेल, मागच्या खिडकीतून आता आकाश दिसते ते दिसणार नाही, आणि हलक्या आवाजात, “कसले लोक येतील कुणास ठाऊक.” पण इथला नियोजनाचा कायदा घराची किंमत आणि खासगी नजारा या गोष्टी विचारातच घेत नाही. ‘कसले लोक’ हे तर कुणी ध्वनिक्षेपकावर म्हणूच शकत नाही. उजेड, खासगीपणा, वाहतूक, पार्किंग हे मुद्दे चालतात. मग मनातली प्रत्येक धास्ती पार्किंगचा अंगरखा घालून सभागृहात येते. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत भाडेकरू बॅचलर नको असेल तर लिफ्टवर ताण येतो म्हणतात, तसे.

म्हणजे पार्किंगचा प्रश्न खोटा का? नाही. आमच्या पलीकडे राहणारे सरदारजी विमानतळावर मालवाहतुकीच्या पाळीला जातात. पहाटे चारला हजर. त्या वेळी बहुतेक दिवस ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, रात्रीची बस आहे पण ती वळसा घालून जाते. त्यांना गाडी हवीच, आणि पाळीवरून परत आल्यावर ती लावायला जागाही. एका घरात प्लंबर आहे. व्हॅनमधली हत्यारे दोनदा चोरीला गेल्यापासून तो ती रोज रात्री गॅरेजमध्ये उतरवतो. या दोघांचे म्हणणे मी सगळ्यांत वजनदार मानतो. अधिकाऱ्यांनी मात्र त्यांना बाकीच्यांच्याच रांगेत बसवून ‘हरकती नोंदवल्या’ असे एका ओळीत उरकले, आणि तिथे त्यांची चूक झाली.

पार्किंगची पाहणी कशी करतात हे मला या निमित्ताने कळले. मध्यरात्रीनंतर, सगळे झोपलेले असताना, एक माणूस जागेपासून दोनशे मीटरच्या आतले सगळे रस्ते पायी फिरतो आणि उभ्या गाड्या व मोकळ्या जागा मोजतो. असे दोन रात्री. आम्ही बैठकीत या पाहणीची टर उडवली. मग एका रात्री झोप येईना म्हणून मी स्वतःच फिरून आलो. माझ्या मोजणीत एकतीस जागा मोकळ्या निघाल्या. फक्त त्या आमच्या दारासमोर नव्हत्या, दोन गल्ल्या पलीकडे होत्या. गल्लीत ‘पार्किंग नाही’ याचा खरा अर्थ ‘माझ्या खिडकीतून दिसेल अशी जागा नाही’ असा आहे. २०२१ च्या जनगणनेत लंडनमधल्या ४२ टक्के घरांकडे एकही गाडी नव्हती. त्यांच्या वाट्याच्या रस्त्यावर कोण उभे आहे, हे कधी कुणी विचारत नाही.

इथे मला काउन्सिलचेही एक वागणे खटकते. नवे ११ फ्लॅट ‘कार-फ्री’ असतील, म्हणजे तिथे राहणाऱ्यांना रस्त्यावर गाडी लावण्याचा परवाना मिळणार नाही. अपंगांसाठी दोन जागा, बाकी सायकली. लंडनच्या २०२१ च्या आराखड्याचे धोरणच आहे की जिथे बस-ट्यूब चांगली तिथे नव्या घरांना पार्किंग शून्यापासून धरायचे. धोरण मला मान्य आहे. पण परवाना कुणाला नाकारला जातो ते पाहा. माझ्यासारख्याला पहिल्या गाडीचा परवाना मिळतो, दुसऱ्या गाडीचाही, आणि समोरच्या घरात तिसऱ्या गाडीचाही. ज्याला सगळ्यात शेवटी घर मिळाले, बहुधा जो पहाटे चारच्या पाळीला जातो, त्याने मात्र सायकल चालवावी. हवेचे प्रदूषण काय फक्त गरिबाच्या सायलेन्सरमधून होते? दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या परवान्याचे दर आमच्यासाठी चढवा आणि नव्या इमारतीतल्या पाळीवाल्या कामगारांना चार परवाने द्या, एवढे मी लेखी कळवले. गल्लीतल्या लोकांना ते अजिबात आवडले नाही. पहिल्या वाक्याने तर माझी दोन घरांशी बोलणी बंद झाली.

मराठी माणसाला इथल्या प्लॅनिंग खात्याची ओळख झाली ती खरे तर एका घरामुळे. किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतले, स्मारक केले, आणि नंतर कळले की राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी लागते. कॅमडेन काउन्सिलने २०१८ मध्ये ती नाकारली. आपल्याकडे त्यावर पुष्कळ संताप झाला, आणि तो मी समजू शकतो. काही शेजाऱ्यांच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दलच्या तक्रारी वाचून मीही चिडलो होतो. पण नकाराचे मुख्य कारण काय होते? राहण्याची जागा कमी होते, हे. अखेर अपिलात सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांनी स्मारकाला मान्यता दिली. निकाल योग्यच झाला. मला त्यातली वेगळी गोष्ट लक्षात राहिली: ज्या शहरात एका घराचे क्षेत्रफळ कमी होते म्हणून एवढ्या मोठ्या माणसाच्या स्मारकाला अडवले जाते, त्याच शहरात शेकडो चौरस मीटर जमीन तुटक्या मिक्सरांसाठी पन्नास-साठ वर्षे अडवून ठेवली, तर तिथे राहण्याची जागा कमी होत नाही?

गाड्या आणि माणसे यांना एकाच जमिनीवर बसवता येते, हेही खरे. ब्रिस्टलमध्ये सेंट जॉर्ज भागात काउन्सिलच्या गाड्यांच्या आवारावर खांब रोवून त्यांवर ११ छोटी घरे उभी केली. खाली गाड्या तशाच उभ्या राहतात. ‘होप राइज’ नाव त्याचे. चित्र पाहून मला मुंबई आठवली. परळ-लोअर परळला खालचे सहा-सात मजले गाड्यांचे, त्यांना पोडियम म्हणायचे, आणि त्यावर टॉवर. सार्वजनिक पार्किंग बांधून पालिकेला द्या आणि बदल्यात जास्तीचा एफएसआय, म्हणजे जास्तीचे बांधकाम, घ्या, अशी योजनाच मुंबईत आहे. ब्रिस्टलने गाड्यांच्या डोक्यावर गरिबाला घर दिले. आपण गाड्यांच्या नावावर श्रीमंताला आणखी मजले दिले. आमच्या काउन्सिलला मी होप राइजचे उदाहरण सुचवले होते. आमची जागा लहान आणि तीन बाजूंनी घरांनी वेढलेली, तेव्हा खांबांवर एक मजला आणखी चढला तर मागच्यांचा उजेड जाईल, असे उत्तर आले. नकाशा पाहिल्यावर मला ते पटले.

आता ‘परवडणारे’ या शब्दाकडे. या सगळ्या प्रकरणात मला खरा राग कशाचा येत असेल तर या शब्दाचा. इंग्लंडमध्ये २०११ पासून ‘अफोर्डेबल रेंट’ नावाचा एक प्रकार आहे: बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडे घेता येते. त्याहून जुना प्रकार ‘सोशल रेंट’. तो पगार आणि घराच्या किमतीच्या सूत्राने ठरतो आणि लंडनमध्ये बाजारभाड्याच्या निम्म्याच्याही खाली असतो. दोन्हींना सरकारी कागदावर ‘परवडणारे घर’च म्हणतात. आमच्या भागात एका बेडरूमच्या फ्लॅटचे भाडे महिना दीड हजार पौंड धरा. त्याचे ८० टक्के बाराशे. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. तेव्हा आठवड्याला साडेसदतीस तास काम करणाऱ्या माणसाच्या हातात कर वजा जाता महिन्याला सतराशेच्या आसपास पडत. बाराशे भाडे देऊन उरले पाचशे. त्यात वीज, काउन्सिल टॅक्स, बसचा पास आणि पोट. हे ज्याला परवडणारे वाटले त्याने स्वतः एकदा राहून दाखवावे.

आकड्यांच्या कडेकडेने चालायची कला आपल्यालाही अवगत आहे. महाराष्ट्रात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, म्हाडामार्फत, द्यावी लागतात. आणि मग भूखंडांचे तुकडे पाडून ते चार हजारांच्या जरा खाली राखल्याचे आरोप नाशिकला झाले. इथे साधारणपणे दहा घरांपासून असे बंधन लागते, म्हणून नऊ-नऊ घरांच्या योजना कशा एकदम सुचू लागतात ते कुठल्याही काउन्सिलच्या अर्जांच्या यादीत पाहावे. नाशिकचा बिल्डर आणि इंग्लंडचा बिल्डर यांनी एकमेकांना कधी पाहिले नसेल, पण दोघांची मोजपट्टी एकाच दुकानातली वाटते.

आमच्या प्रकरणात बिल्डर नाही, काउन्सिलच बांधणार आहे. हा मोठा फायदा, कारण कुणाचा नफा मध्ये येत नाही. पण म्हणूनच काउन्सिलला सुटका नको. त्या जागेवरून आम्ही काहीतरी सोडतो आहोत: सरदारजी दारासमोरची जागा, प्लंबर आपल्या हत्यारांची सुरक्षितता, मागच्या ओळीतल्या एक आजी दुपारचा उजेड थोडासा. सोडू. पण त्या बदल्यात अकराच्या अकरा घरे सोशल रेंटवर राहतील, हे परवानगीच्या अटींत लिहिलेले हवे; अधिकाऱ्याच्या तोंडचे ‘तसा आमचा मानस आहे’ चालणार नाही. प्लंबरला त्याच आवारात हत्यारांसाठी कुलूपबंद कपाट बांधून द्यावे. सायकलींच्या शेडशेजारी चार फूट जागा पुरते. आणि त्या आजींच्या बाजूची भिंत फिक्या रंगाची असावी, म्हणजे जो उजेड उरेल तो परतून तरी येईल. शेवटची सूचना माझ्या बायकोची. बैठकीत वाचून दाखवताना मला जरा संकोच वाटला, पण अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेली तेवढी एकच.

अर्ज सहा विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. ज्यांनी विरोधात मत दिले त्यांत आमच्या वॉर्डाचे दोन्ही नगरसेवक होते, आणि त्यांना दोष देववत नाही. मते आमची आहेत, हॉटेलातल्या त्या बाईचे मत दुसऱ्याच वॉर्डात, असले तर. निर्णयाच्या पत्रात एकोणीस अटी आहेत. विटेचा रंग, वटवाघळांसाठी घरटी, कामाच्या वेळा, ट्रकची चाके धुण्याची सोय. भिंतीच्या रंगाची अटसुद्धा आहे, बायको खूश आहे. कपाटाचा उल्लेख नाही. भाड्याबद्दल एवढेच, की घरे ‘परवडणारी’ राहतील.

याबद्दल मी ईमेल पाठवला आहे: परवडणारी म्हणजे कुठली? सोशल रेंट की ८० टक्के? पाच आठवडे झाले. ‘तुमचा प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असे एक आपोआप आलेले उत्तर आहे. गॅरेजभाडेकरूंना वेगळे पत्र मात्र मागच्या मंगळवारी पोचले. त्यात तारीख, वार आणि वेळ ठळक अक्षरांत आहे: गॅरेज रिकामे करून, झाडून, चावी दुपारी बाराच्या आत कार्यालयात जमा करावी, उशीर झाल्यास पूर्ण आठवड्याचे भाडे लागू होईल.